‘काय देताहेत?’ : रोमानियातले सहा दिवस

वीज खात्यात बत्तीस वर्षे काढल्यामुळे, आणि त्यांतली शेवटची काही वर्षे भारनियमनाची वेळापत्रके आखण्यात गेल्यामुळे, कोणत्याही नव्या गावात उतरलो की माझी नजर आधी खांबांकडे आणि तारांकडे जाते, देवळे आणि राजवाडे नंतर दिसतात. आमची लेक दीड वर्षापासून बुखारेस्टमध्ये नोकरीला आहे. तिने ऑक्टोबरात आम्हा उभयतांना बोलावले, तेव्हा रोमानियाविषयी मला एवढेच ठाऊक होते की तिथे निकोलाए चाउशेस्कू नावाचा एक हुकूमशहा होता आणि १९८९ च्या नाताळात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. व्हिसा आणि विमान यांविषयी सांगण्याजोगे काही नाही. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात आला आहे, त्यामुळे वेगळ्या व्हिसाची यातायात उरलेली नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

दिवस पहिला : बुखारेस्ट, आठवा मजला

लेकीचे घर साम्यवादी काळात बांधलेल्या एका करड्या इमारतीत, आठव्या मजल्यावर आहे. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त गणित शिक्षिका राहतात. लेक त्यांना ‘दोआम्ना’ म्हणजे बाई म्हणते, म्हणून आम्हीही बाईच म्हणू लागलो. आम्ही येणार म्हणून बाईंनी वांगी भाजून ठेवली होती. ‘सालाता दे विनेते’ या भारदस्त नावाने जे समोर आले ते कांदा आणि तेल घालून फेटलेले भरीत होते. सौ.ने पहिला घास घेतला आणि पिशवीतून तिखटाची पुडी काढली. बाईंनीही ते चिमूटभर घालून पाहिले आणि नंतर दोन ग्लास पाणी प्यायल्या.

गप्पा रेशनवर आल्या. रॉकेलच्या रांगा, साखरेसाठी कार्ड, टेलिफोनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, हे सगळे आम्हीही पाहिले आहे असे मी जरा ऐटीतच सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि लेकीमार्फत एकच प्रश्न विचारला, ‘‘रांगेत उभे राहून तुम्ही सरकारला शिव्या देत होता का?’’ मी म्हणालो, ‘‘दुसरे काय करणार? वेळ त्यातच जायचा.’’ त्यावर बाई म्हणाल्या की मग तुमची रांग वेगळी होती, कारण त्यांच्या रांगेत दहा माणसांमागे एखादा कान सेकुरितातेचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा, असेल असे धरून चालावे लागे, आणि तो कान कोणाचा हे कोणालाच माहीत नसे.

म्हणून त्या रांगेने स्वतःची भाषा तयार केली. चाउशेस्कूने १९८०च्या दशकात परदेशी कर्ज फेडण्याचा ध्यास घेतला, सुमारे दहा अब्ज डॉलरांचे कर्ज फेडण्यासाठी देशातले मांस, लोणी आणि फळे निर्यात झाली, आणि १९८९ च्या एप्रिलमध्ये कर्ज फिटल्याची घोषणाही झाली. दरम्यान दुकानात उरले ते डुकराचे पाय. त्यांना लोक ‘आदिदाश’, म्हणजे अदिदासचे बूट, म्हणत, कारण बूट तेवढे आले होते आणि घालणारा परदेशी गेला होता. कोंबडीची मुंडकी, पाय आणि पंखांची टोके यांना ‘ताकमूर’, म्हणजे काटे-चमचे, असे नाव होते. एकाच पिशवीत गोठवलेल्या दोन हडकुळ्या कोंबड्या मिळत. त्यांना एका प्रसिद्ध लोकगायक बंधूंच्या जोडीवरून ‘पेत्रेऊश बंधू’ म्हणत. कॉफीच्या नावाखाली भाजलेल्या धान्याची जी पूड मिळे तिचे नाव ‘नेकेझोल’, घोड्याच्या खिंकाळण्यावरून पडलेले, कारण ती प्यायल्यावर माणूस खिंकाळेल अशी लोकांची खात्री होती. सरकारचा शब्दकोश निराळा होता. टंचाईला तिथे ‘शास्त्रीय पोषणाचा कार्यक्रम’ म्हणत, आणि कोणी किती उष्मांक खावेत याचे तक्ते १९८२ च्या सुमारास निघाले होते. या सगळ्या काळाचे अधिकृत नाव ‘सुवर्णयुग’ असे होते.

रस्त्यात रांग दिसली की आधी उभे राहायचे आणि मग पुढच्याला विचारायचे, ‘‘चे से दा?’’ म्हणजे ‘काय देताहेत?’ पैसे मोजून घ्यायच्या वस्तूला ‘विकताहेत’ न म्हणता ‘देताहेत’ म्हणण्यात जे काही आहे ते मला मराठीत फोड करून सांगण्याची गरज वाटत नाही. बाईंच्या पर्समध्ये अजूनही एक जाळीची पिशवी घडी करून ठेवलेली असते. रात्री स्वतः उभे राहणे शक्य नसे तेव्हा रांगेत आपल्या जागी दुधाची बाटली किंवा दगड ठेवत, आणि बाई सांगतात की दगडाचा नंबर कोणी मारत नसे.

माझ्या खात्याचा विषय शेवटी निघालाच. हिवाळ्यात घरे बारा-चौदा अंशांवर असायची, खोलीला चाळीस वॅटचा एक दिवा, आणि वीज जायची ती न सांगता. मी विचारले, वेळापत्रक नसायचे? बाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांनी सांगितलेला विनोद मी डायरीत लिहून घेतला. ‘मेणबत्त्या येण्यापूर्वी रोमानियन लोक घरात उजेड कशाने करीत? विजेने.’

*शाकाहारी मंडळींसाठी :* उपाहारगृहात ‘दे पोस्त’ असे विचारावे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासाच्या या पदार्थांत मांस, अंडी, दूध काहीही नसते. याशिवाय मक्याच्या पिठाची ‘ममालिगा’ सर्वत्र मिळते. ती खाताना आपल्या उकडीची आठवण येते. एक लेउ म्हणजे साधारण वीस रुपये, म्हणजे मनातल्या मनात विसाने गुणावे आणि मग गुणणे सोडून द्यावे.

दिवस दुसरा : जनतेचे घर

‘कासा पोपोरुलुई’, म्हणजे जनतेचे घर, हे नाव चाउशेस्कूने बांधायला घेतलेल्या त्या अवाढव्य इमारतीला मिळाले, आणि ती उभी करण्यासाठी सुमारे ४०,००० माणसांची घरे पाडली गेली. आज तिथे रोमानियाची संसद बसते. १९८४ च्या जूनमध्ये पायाभरणी झाली तेव्हा मुख्य वास्तुविशारद आन्का पेत्रेस्कू पस्तिशीच्या होत्या. सुमारे ३,६५,००० चौरस मीटर क्षेत्र, हजाराहून अधिक खोल्या, दहा लाख घनमीटर संगमरवर, ३,५०० टन स्फटिक आणि ४८० झुंबरे. शहरातल्या माणसाला चाळीस वॅट, आणि इथे ४८० झुंबरे, हा हिशेब मी झुंबराखाली उभा राहून करू लागलो तेव्हा सौ.ने कोपराने ढोसले.

आमची वाटाडी पंचविशीतली मुलगी होती. चाउशेस्कूची उंची बेताची असल्यामुळे त्याच्या पावलाला सोयीच्या होईपर्यंत जिन्याच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा बांधाव्या लागल्या, आणि हवेतून कोणी विष सोडेल या भीतीने त्याने वातानुकूलन नाकारले, या दोन्ही गोष्टी तिने सांगितल्या. खऱ्या की खोट्या हे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘इथे तुम्हाला दोन्ही प्रकारच्या गोष्टी एकाच तिकिटात मिळतात.’’ सगळे सामान देशी असावे असा हट्ट असतानाही एका दालनाची लाकडी दारे मात्र झाईरच्या मोबुतूने भेट दिलेली आहेत. एका हुकूमशहाने दुसऱ्याला दारे का द्यावीत, आणि त्यांची मापे कोणी घेतली, हे मला अजून उमगलेले नाही. तासभर चालून आमच्या पोटऱ्या भरून आल्यावर तिने सांगितले की आपण इमारतीचा पाच टक्के भाग पाहिला.

खरे आश्चर्य मात्र तिथून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरावर, सदनिकांच्या मागे दडलेले होते. सोळाव्या शतकातल्या मिहाय वोदा मठाचे चर्च पाडायचे ठरले होते. एउजेनियू योर्दाकेस्कू नावाच्या अभियंत्याने ते पायापासून कापून, खाली काँक्रीटची चौकट घालून, रुळांवरून ढकलत १९८५ साली २८९ मीटर दूर नेले. त्यापूर्वी १९८२ साली एका छोट्या मठाचे चर्च त्याने असेच २४५ मीटर सरकवले होते. रथ ओढून देव फिरवणे आपल्याला ठाऊक आहे, पण इथे देऊळच ओढत नेले होते, आणि नेऊन ठेवले कुठे, तर दहा मजली इमारतींच्या आड, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या साहेबांच्या नजरेला देव पडू नये. आम्ही गेलो तेव्हा आत एक म्हातारी मेणबत्ती लावत होती आणि मागच्या गॅलरीत कोणाचे तरी कपडे वाळत होते. अभियंता म्हणून मी त्या भिंतींना तडे शोधले. जे दिसले ते अगदीच किरकोळ होते.

*सूचना :* संसदभवनासाठी आधी फोनवरून नाव नोंदवावे लागते आणि मूळ पासपोर्ट जवळ असावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. ज्या पुणेकर जोडप्याने आमच्यापुढे फाटकावर झेरॉक्सच्या बाजूने युक्तिवाद केला, ते बाहेरच राहिले.

दिवस तिसरा : ‘आलो, आलो!’

क्रांती चौकात साम्यवादी पक्षाच्या मध्यवर्ती समितीची इमारत आणि तिचा तो प्रसिद्ध सज्जा आहे. २१ डिसेंबर १९८९ रोजी याच सज्ज्यावरून चाउशेस्कू भाषण करत असताना, टाळ्यांसाठी आणलेल्या गर्दीतून अचानक आरडाओरडा सुरू झाला. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होते. गोंधळलेला चाउशेस्कू माइकवर बोटे आपटत, फोन लागत नसल्यासारखा, ओरडत राहिला, ‘‘आलो! आलो!’’ लेकीने ते चित्रण मोबाइलवर लावले तेव्हा सौ. गंभीरपणे म्हणाली, ‘‘आलो आलो म्हणतोय, पण निघाला होता.’’ गर्दी शांत व्हावी म्हणून त्याने किमान वेतन २,००० वरून २,२०० लेई करण्याची घोषणा तिथल्या तिथे केली. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या छतावरून त्याला हेलिकॉप्टरने पळावे लागले, आणि छतावर जाताना त्याची लिफ्ट वरच्या मजल्याजवळ अडकली. ती विजेअभावी अडकली की यंत्रदोषाने, हे विचारण्याची मला फार इच्छा होती, परंतु आसपास विचारण्याजोगे कोणी नव्हते.

चौकात २००५ साली उभारलेले २५ मीटर उंचीचे स्मारक आहे. पांढऱ्या सुळक्यावर मधोमध काळ्या जाळीचा गोळा असल्यामुळे बुखारेस्टकर त्याला ‘काडीला टोचलेला बटाटा’ म्हणतात. नावे ठेवण्याची सवय रांगेबरोबर संपलेली नाही हे पाहून बरे वाटले.

दुपारी वसंत प्रासाद, म्हणजे चाउशेस्कूचे राहते घर पाहिले. २०१६ पासून ते लोकांसाठी खुले आहे. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आपण सोनेरी फरशांचे स्नानगृह, मोझेइकच्या भिंतींचा पोहण्याचा तलाव आणि तळघरातले खासगी चित्रपटगृह पाहत हिंडतो. देशाला आठवड्याच्या दिवसांत रोज दोनच तास दूरचित्रवाणी आणि तीही बहुतांशी त्याच्याच गुणगानाची, म्हणून बुखारेस्टच्या लोकांनी गच्चीवर बल्गेरियाच्या दिशेने अँटेना लावल्या आणि फुटबॉलपायी बल्गेरियन भाषा शिकून घेतली. साहेब मात्र तळघरात अमेरिकी पोलिसी मालिका पाहत. बागेत मोर आहेत. एक मोर आमच्या मागे फाटकापर्यंत आला. सौ.चे म्हणणे, त्याला मराठी कळत होते.

त्याच्या पत्नी, बाईसाहेब एलेना, यांचे कपडे आणि फरकोट तिथे मांडलेले आहेत. त्या जागतिक कीर्तीच्या रसायनशास्त्रज्ञ असल्याचे सरकारी शब्दकोश सांगे. लोकांनी त्यांचे नाव ‘कोदोई’ ठेवले होते, कारण कार्बन डायऑक्साइडचे सूत्र त्यांनी म्हणे अक्षरांनी न वाचता ‘को-दोई’ असे एक शब्द म्हणून वाचले होते, आणि रोमानियनमध्ये त्याचा अर्थ ‘मोठे शेपूट’ असा होतो. नवरोजींच्या राजदंडाची हकिकत याहून सरस आहे. १९७४ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी राजासारखा दंड हाती घेतला. त्यावर चित्रकार साल्वादोर दाली याने, राजदंडाची ही ऐतिहासिक प्रथा सुरू केल्याबद्दल अत्यंत आदर वाटतो, अशी तार पाठवली. पक्षाच्या मुखपत्राने ती चेष्टा आहे हे न ओळखता मोठ्या अभिमानाने छापली. छापणाऱ्याला खरोखरच कळले नाही, की कळूनही त्याने छापली, हा प्रश्न रात्री बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, ‘‘कळलेल्या माणसानेच छापली असेल, असे आम्ही तेव्हाही मनात म्हणालो.’’

त्याच रात्री बाईंनी एक शब्द सांगितला, ज्यावर कोणी हसले नाही. १९६६ च्या ऑक्टोबरात ७७० क्रमांकाच्या हुकुमाने गर्भपातावर बंदी आली, आणि वर्षभरात जन्मांची संख्या सुमारे २,७४,००० वरून ५,२८,००० वर गेली. त्या मुलांना ‘देक्रेत्सेई’ म्हणतात, हुकमाची पिल्ले असे काहीसे. बाई शिकवू लागल्या तेव्हा तीच मुले त्यांच्या वर्गात येऊ लागली होती, आणि बाक पुरत नव्हते. पुढे बेकायदा गर्भपातांत हजारो स्त्रिया गेल्या, त्यांत बाईंची एक मैत्रीण होती. सौ. उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि भाषांतर करायला लेकीला कोणी सांगितले नाही.

दिवस चौथा : ब्राशोव

आगगाडीने अडीच-तीन तासांत ब्राशोवला पोहोचता येते. जाताना सिनायापासून पुढे डोंगर फार देखणे आहेत, त्यांच्यासाठी खिडकीची जागा आवर्जून घ्यावी. ऑक्टोबरात उन्हातही वारा झोंबतो, म्हणून कानटोपी हवी, आणि ती मी अर्थातच बुखारेस्टला विसरलो होतो.

१९५० ते १९६० या काळात या गावाचे नाव ‘ओराशुल स्तालिन’, म्हणजे स्तालिननगर, असे होते. गावाच्या डोक्यावर तम्पा नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर झाडांच्या रांगांनी स्तालिनचे नाव उमटवले गेले. माणसाचे नाव बदलता येते, फलक एका रात्रीत उतरवता येतो, पण सूचिपर्णी वृक्षांना कोणी कळवायचे? आता त्याच डोंगरावर गावाचे नाव पांढऱ्या अक्षरांत उभे केलेले आहे. पाळण्यातून वर जाऊन आम्ही त्या अक्षरांच्या पाठीमागे उभे राहिलो. तिथून फक्त लोखंडी सांगाडा दिसतो.

खाली चौकात बसून पापानाश खाल्ले. चीजच्या तळलेल्या वड्या, वर साय आणि मुरंबा. एक थाळी दोघांना जड जाते, आम्ही दोन मागवल्या. खाता खाता लेकीने १५ नोव्हेंबर १९८७ ची हकिकत सांगितली. त्या रविवारी स्थानिक निवडणुका होत्या. ट्रकच्या कारखान्यातले कामगार पगारकपातीविरुद्ध मोर्चा घेऊन गावात आले आणि पक्षाच्या कचेरीत घुसले. आत निवडणुकीच्या विजयोत्सवासाठी मेजवानी मांडून ठेवली होती. गावात वर्षानुवर्षे न दिसलेले चीज, सलामी, संत्री. निकाल लागायचा होता, पण विजयाची संत्री आधीच आली होती. पुढे त्या कामगारांची धरपकड झाली, मारहाण झाली आणि त्यांना देशभरातल्या दूरच्या गावी पाठवून देण्यात आले. माझ्या दुसऱ्या थाळीतला अर्धा पापानाश तसाच राहिला.

दिवस पाचवा : तर्गोविश्ते

इथे विनोद थोडाच आहे आणि जो आहे तो वाटेतला आहे. हेलिकॉप्टरने सोडून दिल्यावर चाउशेस्कू दांपत्याच्या अंगरक्षकांनी रस्त्यावर एक लाल डाचिया मोटार थांबवली. ती एका डॉक्टरची निघाली. काही अंतर गेल्यावर त्याने इंजिन बिघडल्याचे सांगितले आणि सुटका करून घेतली. मग स्वतःची काळी डाचिया धुवत उभा असलेला एक माणूस सापडला आणि राष्ट्राध्यक्ष त्या गाडीत बसले. ज्या गाडीसाठी प्रजेने वर्षानुवर्षे नंबर लावला, ती त्यांना त्या दिवशी दोनदा विनाप्रतीक्षा मिळाली.

शेवटी दोघांना ज्या लष्करी छावणीत ठेवले, ती आता संग्रहालय आहे. २५ डिसेंबरला खटला चालला ती खोली शाळेच्या वर्गाएवढी आहे, खटला साधारण तासाभरात संपला, आणि बाहेरच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा व जमिनीवर पांढऱ्या रंगाच्या दोन आकृती आहेत. कायदा म्हणून पाहिले तर तोही एक देखावाच होता, आणि मला तिथे समाधान असे काही वाटले नाही. बुखारेस्टहून एका दिवसात जाऊन येता येते. सोबत डबा न्यावा, छावणीच्या आसपास आम्हाला खाण्याचे फारसे काही दिसले नाही.

दिवस सहावा : तिमिशोआरा

सकाळच्या विमानाने पश्चिम टोकाला गेलो. १९८९ ची क्रांती इथेच सुरू झाली, पण माझी ओढ वेगळी होती. १८८४ साली ७३१ दिव्यांनी या गावाचे रस्ते उजळले, आणि रस्त्यांवर विजेचे दिवे लावणारे युरोपच्या मुख्य भूमीवरचे हे पहिले शहर म्हणून ओळखले जाते. शंभर वर्षांनी त्याच गावात लोक मेणबत्त्या साठवत होते.

एका कॅफेच्या तळघरात साम्यवादी ग्राहकाचे संग्रहालय आहे. नाव वाचून काचेची कपाटे असतील असे वाटले होते, प्रत्यक्षात ते माळ्यावरचे सामान खाली आणून मांडलेले घर आहे, आणि कशालाही हात लावायला मनाई नाही. लोकांनी दिलेली खेळणी, रेडिओ, शाळेचे गणवेश, आणि दूरचित्रवाणी संचावर विणलेल्या रुमालावर ठेवलेला काचेचा मासा, जो त्या काळी घरोघरी असे. १९८३ च्या हुकुमानुसार टंकलेखन यंत्र बाळगायला पोलिसांचा परवाना लागे आणि अक्षरांचे नमुने दरवर्षी जमा करावे लागत, म्हणजे निनावी पत्रक निघाले तर यंत्र ओळखता यावे. जुनी यंत्रे पाहिली की हे आठवते. केंट सिगारेटचे पाकीटही बाईंनी सांगितलेले आठवले. डॉक्टरला, दुकानदाराला, कारकुनाला द्यायचे हे चलन, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार एक पाकीट कोणीही न फोडता इतक्या हातांतून फिरले की त्याचे कोपरे गोल झाले.

बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ होती आणि सौ. दिसेना. शोधत चौकात आलो, तर ती एका रांगेत उभी, पुढे बारा-पंधरा माणसे, हातात घडी उलगडलेली जाळीची पिशवी. ती पिशवी निघताना बाईंनी तिला दिली होती हे मला तोवर माहीत नव्हते. ‘‘काय देताहेत?’’ मी विचारले. ‘‘ते नंबर आल्यावर कळेल,’’ ती म्हणाली. नंबर आल्यावर कळले की नाटकाची तिकिटे देताहेत, रोमानियन भाषेतल्या, त्याच ऑपेरा इमारतीत, जिच्या सज्ज्यावरून १९८९ च्या डिसेंबरात शहर मुक्त झाल्याचे लोकांना सांगितले गेले होते. इतका वेळ उभे राहिल्यावर परत फिरणे तिला मान्य नव्हते. आम्ही तीन तिकिटे घेतली, मधल्या रांगेत बसलो, घंटा झाली आणि सभागृहातले दिवे गेले. सवयीने मी घड्याळ पाहिले. सात वाजून दोन मिनिटे.